टेक्सासात पाऊस, निपाणीत भाववाढ

निपाणीजवळ महामार्गालगतच्या एका पेट्रोल पंपावर मी बावीस वर्षे व्यवस्थापक होतो. त्या काळात गिऱ्हाइकांनी विचारलेले बहुतेक प्रश्न मी विसरलो. एक मात्र मनात रुतून बसला, कारण त्या दिवशी मला त्याचे उत्तर देता आले नव्हते. गोष्ट २०१७ सालच्या सप्टेंबरातली आहे. त्याच वर्षी १६ जूनपासून देशभर इंधनाचे दर रोज बदलू लागले होते. त्याआधी ते पंधरवड्याने बदलत, त्यामुळे लोकांना दर पाठ असायचा. आता रोज सकाळी सहाला नवा आकडा लागे, आणि त्या दिवसांत तो थोडाथोडा चढतच चालला होता. तंबाखूची शेती करणारे, सत्तरी ओलांडलेले एक आप्पा आपली जुनी एम-एटी दुचाकी घेऊन आमच्याकडे नेमाने येत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी काउंटरवर ठेवली आणि विचारले, "मॅनेजर, हितं मंत्री म्हणतोय, अमेरिकेत वादळ झालं म्हणून पेट्रोल वाढलं. आणि खालच्या बातमीत लिवलंय, कच्चं तेल उतरलं. मग ह्यातलं खरं कुठलं?"

जागतिक बाजार, मागणी-पुरवठा असे चार शब्द वापरून मी वेळ मारून नेली. आप्पांना ते पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नव्हते. त्यानंतर सवड मिळेल तेव्हा मी या विषयावर जमेल तेवढे वाचत गेलो, आणि वाचता वाचता लक्षात आले की आप्पांचा प्रश्न दिसतो तेवढा दूरदेशीचा नाही. आपल्या भागात समुद्र नाही, चक्रीवादळ येथवर येते ते पावसाच्या रूपाने. पण तेलाची साखळी कोठे आणि कशी तुटते, हे अमेरिकेच्या वादळांत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

पहिली गोष्ट अशी की, आप्पांच्या वर्तमानपत्रातील दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. २५ ऑगस्ट २०१७ रोजी हार्वी नावाचे हरिकेन टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ धडकले. हरिकेन म्हणजे आपल्या चक्रीवादळाचेच अटलांटिककडील नाव, आणि तिकडे त्याचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. किनाऱ्यावर आल्यावर आत सरकून विरून जाण्याऐवजी हार्वी त्याच भागात घुटमळत राहिले आणि नेडरलँड या गावी एकूण ६० इंचांहून अधिक पाऊस मोजला गेला. आंबोली आणि कणकुंबीचा पाऊस पाहिलेल्या माणसाला हा आकडा मोठा वाटणार नाही, परंतु हा पाऊस काही दिवसांत, समुद्रसपाटीला टेकलेल्या सपाट भागात पडला, आणि नेमक्या त्याच भागात तेलशुद्धीकरण कारखान्यांची दाटी आहे. अमेरिकेच्या एकूण शुद्धीकरण क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास क्षमता मेक्सिकोच्या आखाताच्या काठावर एकवटलेली आहे. हार्वीच्या दिवसांत देशाची जवळजवळ पाव क्षमता बंद पडली. त्यात पोर्ट आर्थर येथील, दिवसाला सुमारे ६ लाख बॅरल तेल शुद्ध करणारा, तेव्हाचा तेथील सर्वांत मोठा कारखानाही होता.

हे कोडे उलगडायला आमच्या भागातील माणसाला साखर कारखान्याइतके चांगले उदाहरण मिळणार नाही. ऐन हंगामात कारखान्याचे गाळप आठ दिवस बंद पडले तर काय होते? ऊस शिवारात उभा राहतो, गाड्या यार्डात अडकतात, उसाला कोणी विचारत नाही, आणि त्याच वेळी दुकानात साखर कमी पडू लागते. कच्चे तेल म्हणजे ऊस आणि पेट्रोल म्हणजे साखर, असे समजले की झाले. टेक्सासातील कारखाने बंद पडल्यामुळे कच्च्या तेलाचे गिऱ्हाईकच काही दिवस नाहीसे झाले, म्हणून ते उतरले. पेट्रोल तयार होणे थांबले, म्हणून ते चढले. आपल्या देशातील कारखान्यांना त्या पुराचा थेंबही लागला नव्हता हे खरे. परंतु आपल्याकडे पेट्रोलचा मूळ दर ठरवताना कच्च्या तेलापेक्षा तयार पेट्रोल-डिझेलच्या आंतरराष्ट्रीय दराचा आधार घेतला जातो, आणि तो दर टेक्सासच्या पाण्याबरोबर वर चढला होता. तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी भाववाढीला अमेरिकेतील वादळांचे कारण दिले, त्यात म्हणूनच तथ्य होते. सगळा दोष वादळाचा होता असे मात्र मी म्हणणार नाही, कारण दरातील कराचा वाटा कोणत्याही वादळाने आणलेला नव्हता. ३ ऑक्टोबरला केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे २ रुपयांनी कमी केले, तेव्हा ते सर्वांना दिसलेच.

हार्वीच्या बारा वर्षे आधीचे कॅटरिना वेगळ्या जातीचे होते. २९ ऑगस्ट २००५ रोजी ते लुइझियानात धडकले आणि महिना उलटण्याआधीच, २४ सप्टेंबरला, त्याच किनाऱ्यावर रिटा आले. आखातातील समुद्रात तेव्हा दिवसाला सुमारे १५ लाख बॅरल तेल निघत असे. कॅटरिनाच्या वेळी त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादन थांबले. वादळ येण्याच्या दोन-तीन दिवस आधी तेल काढण्यासाठी समुद्रात उभारलेल्या फलाटांवरून माणसे हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर आणतात आणि विहिरी तळाकडील झडपांनी बंद करतात, त्यामुळे उत्पादन थांबणे हा अपघात नसून ठरवून केलेली कृती असते. परंतु या दोन वादळांनी शंभरहून अधिक फलाट मुळासकट उद्ध्वस्त केले आणि समुद्रतळावरील नळांची शेकडो ठिकाणी मोडतोड केली. ते पुन्हा उभे करणे दिवसांचे नव्हे, महिन्यांचे काम होते. कच्चे तेल तेव्हा बॅरलला ७० डॉलरच्या वर गेले. म्हणजे कॅटरिनाने शिवारातला ऊसच झोपवला, तर हार्वीने कारखाना बुडवला. आप्पांना मी हे तेव्हा सांगितले असते तर ते एका वाक्यात समजले असते.

या दोन घटनांच्या मधे जी गोष्ट आहे, ती मला पंपवाला म्हणून सर्वांत अधिक ओळखीची वाटली, आणि ती आहे नळाची. टेक्सासमधील ह्यूस्टनपासून न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत कोलोनियल नावाची पाइपलाइन जाते. तिच्यातून पेट्रोल भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने पुढे सरकते, त्यामुळे ह्यूस्टनला आत घातलेला माल न्यूयॉर्कला पोहोचायला सरासरी अठरा दिवस लागतात. हा नळ कायम भरलेला असतो आणि त्यातला माल मागून नवा माल ढकलला तरच पुढे जातो. मागचे कारखाने बंद झाले किंवा वाटेतील पंपगृहांची वीज गेली की हजारो किलोमीटर लांबीचा, पेट्रोलने गच्च भरलेला नळ जागच्या जागी उभा राहतो. कॅटरिनाच्या वेळी वीज नव्हती म्हणून तो थांबला. हार्वीच्या वेळी ढकलायला माल नव्हता म्हणून थांबला. तुटवडा मग कोठे जाणवतो? वादळ झाले त्या गावात तर जाणवतोच, शिवाय जेथे पावसाचा शिंतोडाही पडला नाही अशा, शेकडो मैलांवरच्या गावांतही जाणवतो. २००८ च्या सप्टेंबरात गुस्ताव्ह आणि आइक या दोन वादळांनंतर टेनेसीतील नॅशव्हिल शहरात नेमके हेच झाले. माल कमी येत होता, पण येत होता; शहरात पेट्रोल संपणार अशी हूल उठली आणि एका दिवसात बहुतेक पंप कोरडे पडले.

आणि सँडी. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी ते न्यूजर्सीच्या किनाऱ्याला लागले. त्या वेळी अनेक पंपांच्या भूमिगत टाक्यांत पेट्रोल होते, पण ते वर ओढायला वीज नव्हती. आणि जेथे वीज होती तेथील टाक्या काही तासांत रिकाम्या होत होत्या, कारण जेथून टँकर भरतात त्या तेल-डेपोंनाही वीज नव्हती आणि काहींत तर समुद्राचे पाणी शिरले होते. न्यूजर्सीच्या बारा परगण्यांत सम-विषम नंबरप्लेटनुसार पेट्रोल देण्याची पद्धत ३ नोव्हेंबरपासून लागू करावी लागली, आणि पाठोपाठ न्यूयॉर्क शहरातही. हे वाचताना मला आमच्या पंपामागच्या खोलीतील जुन्या जनरेटरची आठवण झाली. तो चालू ठेवण्यासाठी मी मालकांशी वर्षातून दोनदा वाद घालत असे, आणि "लाइट जाते कुठं रोज रोज" हे त्यांचे ठरलेले उत्तर असे. फ्लोरिडा राज्याने २००४-०५ च्या वादळांनंतर कायदाच केला की, नव्या पंपांवर, आणि वादळात लोक ज्या मार्गांनी बाहेर पडतात त्या मार्गांजवळील मोठ्या पंपांवर, जनरेटर जोडण्याची विद्युत व्यवस्था आधीपासून असलीच पाहिजे. अमेरिकेच्या सगळ्या वादळांतून आपण एकच गोष्ट उचलायची ठरवली, तर मी ही उचलेन.

साठ्याच्या बाबतीतही एक गैरसमज सर्रास आढळतो. अमेरिकेने टेक्सास आणि लुइझियानात जमिनीखालील मिठाच्या पोकळ्यांत प्रचंड साठा ठेवला आहे, मग तुटवडा होतोच कसा, असे लोक विचारतात. तो साठा कच्च्या तेलाचा आहे. कारखानेच बुडालेले असताना कच्चे तेल बाहेर काढून गाडीत घालता येत नाही. कॅटरिनानंतर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सदस्य देशांच्या साठ्यांतून मिळून ६ कोटी बॅरल बाजारात आणायचे ठरवले, तेव्हा युरोपीय देशांनी तयार पेट्रोल दिले ते अधिक उपयोगी पडले. आपलेही तसेच आहे. विशाखापट्टणम, मंगळूर आणि उडुपीजवळील पादूर येथे खडकात कोरलेल्या गुहांत मिळून सुमारे ५३ लाख टन तेल मावते, आणि देशाच्या गरजेच्या हिशेबाने ते साधारण साडेनऊ दिवसांचे आहे. यांपैकी दोन गुहा आपल्याच कर्नाटकात आहेत याचा आनंद मानावा, पण त्यांत आहे ते कच्चे तेल. निपाणीच्या पंपाची टाकी त्याने भरत नाही.

अरबी समुद्रातील वादळे आता आपल्या कॅलेंडरचा भाग झाली आहेत. मे २०२१ मधील तौक्तेने मुंबई हाय परिसरातील पी-३०५ ही तराफ्यासारखी राहण्याची बार्ज बुडवली. तिच्यावर तेलक्षेत्रात काम करणारी २६१ माणसे होती, त्यांतील सत्तरहून अधिक दगावली. त्याच वादळात मंगळूरजवळ मुलकीच्या खडकांत अडकलेल्या टगवरून, म्हणजे जहाजे ओढणाऱ्या बोटीवरून, नऊ खलाशांना नौदल आणि तटरक्षक दलाने सोडवून आणले. जून २०२३ मध्ये बिपरजॉय कच्छमध्ये जखाऊजवळ आले, तेव्हा कांडला आणि मुंद्रा या बंदरांचे काम थांबवावे लागले. आणि पूर्व किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१४ च्या हुदहुदने विशाखापट्टणमचा तेलशुद्धीकरण कारखाना बंद पाडला, शहराची वीज नेली आणि पंपांवर लांबच लांब रांगा लावल्या. सुदैवाने देशातील कारखाने दोन्ही किनाऱ्यांवर आणि आतील राज्यांतही विखुरलेले आहेत, त्यामुळे एका वादळाने सगळे आडवे होण्याची भीती आपल्याकडे अमेरिकेपेक्षा कमी आहे.

आमच्या सीमाभागाची दुखरी जागा वेगळी आहे, आणि ती आम्ही ऑगस्ट २०१९ मध्ये डोळ्यांनी पाहिली. उत्तरेला यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, त्याच्याही पलीकडे शिरोलीला पंचगंगेने रस्ता घेतला, आणि दक्षिणेला संकेश्वरात हिरण्यकेशी गावात शिरली. पुणे-बेंगळुरू महामार्ग, ज्यावरून एरवी रात्रीही दोन मिनिटे शांतता नसते, त्यावर पाणी पसरले आणि मालट्रकांच्या रांगा मैलोगणती उभ्या राहिल्या. आमचा माल बेळगावजवळच्या देसूरच्या डेपोतून टँकरने येई. डेपोत माल होता, आम्ही पैसे आधीच भरले होते, टँकर भरून निघालाही होता. तो हत्तरगीजवळ दीड दिवस उभा राहिला. तेल आहे, गिऱ्हाईक आहे, मधे नदी आहे. सँडीबद्दल वाचले तेव्हा मला तो टँकर डोळ्यांसमोर दिसत होता.

पंपवाल्याचा दिवस डिप घेण्याने सुरू होतो. टाकीत खूण केलेली लांब पट्टी सोडायची, ओल कोठवर आली ते पाहायचे आणि तक्त्यावरून लिटर काढायचे. टाकीच्या तळाशी काही शे लिटर माल असा राहतो की, तो पंपाला ओढता येत नाही. आम्ही त्याला डेड स्टॉक म्हणतो आणि हिशेबात धरत नाही. पुराच्या पहिल्या सकाळी डिप चांगला होता. शिवाय एक विचित्र गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. महाराष्ट्रापेक्षा कर्नाटकात पेट्रोल स्वस्त, म्हणून कागल-कोल्हापूरकडच्या गाड्या सीमा ओलांडून आमच्याकडे टाकी भरायला येत. आमचे निम्मे गिऱ्हाईक महाराष्ट्राच्या नंबरप्लेटचे. वेदगंगेने ते गिऱ्हाईकच तोडले. तिकडे कोल्हापुरात पंपांवर इंधन अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवण्याची वेळ आली असताना आमचा खप पहिल्या दिवशी चक्क कमी झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र कोणीतरी मोबाइलवर संदेश फिरवला की, निपाणीतही पेट्रोल संपले. तेव्हापासून चार तासांत जे झाले ते मी कधी विसरणार नाही. एक साधा हिशेब करून पाहा. मोटारसायकलच्या टाकीत साधारण दहा लिटर मावते, पण आपल्याकडे बहुतेक जण शंभर-दोनशे रुपयांचे घालून फिरतात, म्हणजे टाकीत दोन-तीन लिटरच असते. अशा एक हजार गाड्यांनी एकाच दुपारी टाकी काठोकाठ भरायची ठरवली, तर नेहमीच्या खपावर सात-आठ हजार लिटर वाढतात, आणि मध्यम पंपाच्या टाकीचा तो मोठा भाग असतो. गावात असलेले पेट्रोल तेवढेच राहते; ते फक्त एका मोठ्या टाकीतून निघून हजार छोट्या टाक्यांत जाऊन बसते, आणि त्या हजारांतील नऊशे गाड्या पुढचे आठ दिवस अंगणात उभ्या असतात. ज्याला खरोखर दवाखान्यात जायचे आहे, तो मात्र कोरड्या पंपासमोर येतो. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या आंदोलनाच्या वेळी हेच दृश्य राज्याराज्यांत दिसले, आणि तेव्हा तर आकाश निरभ्र होते.

त्या संध्याकाळी आम्ही नोझलवरच्या पोरांना सांगितले की, दुचाकीला शंभर, चारचाकीला पाचशे, आणि कॅनमध्ये कोणालाही नाही. शेवटचे दोन हजार लिटर मोजून राखून ठेवले, रुग्णवाहिका, दुधाच्या गाड्या, पोलीस आणि होड्या घेऊन आलेली पथके यांच्यासाठी. शिव्या भरपूर खाल्ल्या. एक गृहस्थ म्हणाले, "पैसं देतोय न्हवं, का फुकट मागाय लागलोय?" त्यांचे बरोबरच होते, दुकानात माल असताना दुकानदाराने नाही म्हणावे, हे आपल्या व्यवहारात बसत नाही. पण ह्यूस्टनला रिटाच्या आधी पंचवीस लाखांहून अधिक माणसे एकाच वेळी गाड्या घेऊन बाहेर पडली आणि भर उन्हात महामार्गावर त्यांच्या टाक्या संपल्या, त्या प्रसंगाचे वर्णन मी पुढे वाचले, तेव्हा त्या शिव्यांचे काही वाटेनासे झाले.

आता तयारीविषयी. आमच्या भागात बेगमी हा शब्द सर्वांना कळतो. मृग निघण्याआधी जळण आत घ्यायचे, शेणी रचायच्या, वर्षाचे धान्य कणगीत भरायचे, छपराची कौले परतायची, हे सगळे आपल्या आई-आजीने केले. इंधनाची बेगमी तशीच करायची, पण तिचा अर्थ घरात पेट्रोलचे पिंप भरून ठेवणे असा मुळीच नाही. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येते, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात, आणि धातूचा डबा असेल तर तो २५ लिटरहून मोठा नाही. कायद्याने मुभा दिली आहे म्हणून ती घ्यावीच, असे मला वाटत नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरपटत जाते आणि पलीकडच्या खोलीतील देव्हाऱ्याच्या निरांजनालाही पेट घेते. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागणारी माणसे मी रोज परत पाठवली, आणि त्यांतील निम्मी माझ्यावर रागावून गेली.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाडीची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, आणि हवामान खात्याने इशारा दिल्यावर भरायला धावायचे नाही, कारण तोवर ती भरलेली असते. वर्षभर शंभर रुपयांचे घालणाऱ्या माणसाला यासाठी एकदाच सातआठशे रुपये अधिक काढावे लागतात. पुढे खर्च तेवढाच राहतो. साऱ्या गावाने हे मे महिन्यात सावकाश केले, तर पुराच्या दिवशी रांगच लागणार नाही, कारण हजार छोट्या टाक्या आधीच भरलेल्या असतील आणि मोठी टाकी टँकरने पुन्हा भरून ठेवलेली असेल. शेतकऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. डिझेल पेट्रोलइतके ज्वालाग्राही नाही आणि कायदाही त्याच्या बाबतीत सैल आहे; ट्रॅक्टर आणि पंपसेटसाठी दोन पत्र्याचे कॅन, गोठ्यापासून आणि गंजीपासून दूर, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवले तर ते शहाणपणाचे. नदीकाठच्या एका गावात पुरात तरंगत गेलेले डिझेलचे पिंप उसाच्या फडात फुटलेले मी पाहिले आहे. त्या सऱ्यांत पुढच्या वर्षीही ऊस धड आला नाही.

गॅसचा दुसरा सिलिंडर रिकामा झाला की त्याच दिवशी नोंदवावा. आपण वापरतो त्या स्वयंपाकाच्या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग समुद्रमार्गे परदेशातून येतो, त्यामुळे बंदराचे काम थांबले की त्याचीही गाडी उशिरा येते. घरात थोडी रोकड असावी. वीज आणि मोबाइलचे टॉवर गेले की पंपावरचा क्यूआर कोड निव्वळ भिंतीवरचे चित्र होतो. २०१९ मध्ये खिशात पैसे नसलेल्या सुशिक्षित माणसांना आम्ही वहीवर नाव लिहून पेट्रोल दिले, आणि सांगायला आनंद वाटतो की दोघे सोडून सगळ्यांनी ते नंतर चुकते केले. जनरेटर असेल तर तो पडवीत किंवा बंद खोलीत कधी लावू नये. वादळानंतर अमेरिकेत त्याच्या धुराने माणसे दगावतात, आणि त्या वायूला वास नसतो.

पूर ओसरल्यावरची एक गोष्ट पंपवाल्याखेरीज कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही आपल्याच भागातील उसापासून झालेले असते, म्हणजे आपलाच ऊस आपल्याच गाडीत परत येतो. या इथेनॉलला पाण्याची ओढ फार. भूमिगत टाकीत पुराचे पाणी झिरपले तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते, आणि पंप माल ओढतो तो तळाकडूनच. पाण्यात बुडालेला पंप पुन्हा सुरू झाला की पहिल्या दिवशी तेथे टाकी भरू नये. "टाकी तपासली का, पाणी किती निघालं," असे मॅनेजरला खुशाल विचारावे. चांगला मॅनेजर रागावत नाही. आम्ही तेव्हा टाकीला पाणी लागले नसतानाही दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पट्टीला पाणी ओळखणारी पेस्ट लावून पाहत होतो.

२०१९ चा पूर उतरला आणि रस्ता खुला झाला, तेव्हा राखलेल्या दोन हजारांपैकी आमच्या टाकीत सव्वाचारशे लिटर उरले होते. आप्पा त्या दिवशी एम-एटी ढकलत आले. त्यांची टाकी भरलेलीच होती, पण प्लगमध्ये पाणी गेले होते. मी त्यांना अखेर ऊस आणि साखरेचे उदाहरण देऊन टेक्सासची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "मग मॅनेजर, तुमच्या टाकीत किती हाय, हे आमाला कधी कळायचं?" तेव्हापासून दरवर्षी रोहिणी सरता सरता त्यांचा फोन येतो आणि ते डिप विचारतात. नोकरी सोडून मला तीन वर्षे झाली, तरी मी पंपावर फोन करून आकडा घेतो आणि त्यांना कळवतो.